विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतेच, ‘पिशवी काढा’ हे उत्तर कितपत खरे?

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल, तरीही ओटीपोटातले दुखणे महिनोन्‌महिने थांबत नाही. अशा रुग्णाला आपल्याकडे बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, ‘काही नाही, मनाचे आहे’. दुसरे, ‘मुले झाली ना? मग पिशवी काढून टाका’. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यात दुखणेच नाकारले जाते, तर दुसऱ्यात कारण न शोधता अवयव काढला जातो. या दोन टोकांच्या मध्ये उपचारांचा बराच मोठा रस्ता आहे. तो कोणता, हे समजून घेऊ.

जुनाट ओटीपोटदुखी म्हणजे काय?

बेंबीच्या खाली, दोन्ही मांड्यांच्या सांध्यांच्या मध्ये, कंबरेच्या हाडांच्या आत असलेले दुखणे साधारण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले किंवा पुन्हा पुन्हा उद्भवत राहिले, तर त्याला जुनाट ओटीपोटदुखी म्हणतात. पाळीच्या दिवसांत होणारा नेहमीचा त्रास यात धरला जात नाही. पण पाळी सोडूनही दुखणे राहते, किंवा पाळीतले दुखणे इतके असते की शाळा, कामावरची हजेरी, स्वयंपाक, झोप बिघडते, तेव्हा ते तपासायलाच हवे.

हा त्रास वाटतो तितका दुर्मीळ नाही. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात दर हजारी ३८ महिलांमध्ये ही तक्रार आढळली. हे प्रमाण दम्याच्या जवळपास आहे. फरक इतकाच, की दम्याबद्दल चारचौघांत बोलता येते. ओटीपोटाबद्दल घरातही बोलले जात नाही.

दुखणे येते कुठून?

ओटीपोट म्हटले की गर्भाशयच डोळ्यांसमोर येते. पण त्याच जागेत मूत्राशय आहे, आतडे आहे, स्नायू आणि नसा आहेत. दुखणे यांपैकी कशातूनही येऊ शकते आणि अनेकदा एकाहून अधिक ठिकाणांहून येते.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, म्हणजे अंडाशय, पोटाचे आवरण, आतडे अशा ठिकाणी वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के महिलांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना तो आहे. हाच थर गर्भाशयाच्या स्नायूत शिरला तर त्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात. जननमार्गातील संसर्गावर वेळेत उपचार न होणे, आधीच्या ऑपरेशननंतर पोटात अवयव एकमेकांना चिकटणे, ही आणखी काही कारणे. भारतात गर्भनलिका आणि गर्भाशयाचा क्षयरोगही लक्षात ठेवावा लागतो. त्यात खोकला नसतो, त्यामुळे ‘टीबी’ची शंकाच येत नाही.

मूत्राशय भरत आले की दुखणे आणि लघवी केल्यावर बरे वाटणे, हे मूत्राशयाच्या जुनाट वेदनेचे लक्षण आहे. शौचाला गेल्यावर दुखणे कमी-जास्त होत असेल, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होत असतील, तर आतड्याच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचा विचार करावा लागतो. सिझेरियनच्या टाक्यांच्या टोकाशी एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे असेल, तर तिथली नस दबलेली असू शकते.

यासाठी एक साधी तपासणी असते. रुग्णाला झोपवून डॉक्टर दुखरी जागा दाबतात आणि डोके उचलायला सांगतात. त्यामुळे पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणे तेव्हा वाढले, तर ते आतल्या अवयवांपेक्षा पोटाच्या भिंतीतले असण्याची शक्यता जास्त. या तपासणीला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. तिथे भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले तर अनेकांना आराम पडतो.

रिपोर्ट नॉर्मल, मग दुखते कसे?

सोनोग्राफीत गाठ, सूज, पाणी दिसते. स्नायूंचा ताण दिसत नाही, नसांची चिडचीड दिसत नाही. एंडोमेट्रिओसिसचे पातळ, पसरट डागही बहुतेक वेळा दिसत नाहीत. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने म्हटले आहे, की या दुखण्यासाठी केलेल्या दुर्बिणीच्या तपासण्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या तपासण्यांत काहीच सापडत नाही. म्हणजे ‘काही दिसले नाही’ आणि ‘काही झाले नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

दुसरे कारण मज्जासंस्थेत आहे. मोटारीवर चोरी रोखण्यासाठी सायरन बसवलेला असतो. तो फार संवेदनशील झाला, की मांजर बॉनेटवर बसले तरी वाजतो. बऱ्याच काळ वेदनेचे संदेश येत राहिले, की मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणाही अशीच होते. मूळ जखम भरली, संसर्ग गेला, तरी हलका स्पर्श, भरलेले मूत्राशय किंवा आतड्यातला वायू यांचाही अर्थ ती ‘वेदना’ असाच लावते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला स्वतंत्र संज्ञा देऊन मान्यता दिली. सायरन विनाकारण वाजत असला तरी आवाज खरा असतो. ही वेदनाही तशीच खरी असते.

गर्भाशय, मूत्राशय आणि आतड्याकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. एका फिडरवरच्या वस्त्यांसारखेच हे आहे. एकीकडे बिघाड झाला की शेजारचे दिवेही मिणमिणतात. म्हणूनच पाळीच्या दुखण्याने सुरुवात झालेल्या महिलेला काही वर्षांनी लघवीचा आणि पोटाचाही त्रास सुरू झालेला दिसतो.

निदानाला इतका वेळ का लागतो?

एंडोमेट्रिओसिसच्या निदानाला जगभरात सरासरी ४ ते १२ वर्षे लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिला उशीर घरात होतो. ‘पाळीत दुखणारच, आम्हालाही दुखायचे’, ‘लग्न झाले, मूल झाले की थांबेल’ या वाक्यांत मुलीची तक्रार विरून जाते. दुसरा उशीर दवाखान्यात होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय पाहतात, मूत्रविकारतज्ज्ञ मूत्राशय पाहतात, पोटाचे डॉक्टर आतडे पाहतात. प्रत्येकाचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि रुग्ण फाइल घेऊन पुढच्या दारात जातो. संबंधाच्या वेळी दुखते का, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण आपणहून सांगत नाही. निदानाला उपयोगी पडणारी माहिती अशी दोघांच्या संकोचात राहून जाते.

यात एक बदल झाला आहे. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही आता सर्वांत भरवशाची कसोटी मानली जात नाही, असे स्पष्ट केले. लक्षणे, तपासणी आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे औषधे सुरू करता येतात. दुर्बीण लागणारच नाही असे नव्हे, पण ती प्रत्येकीसाठी पहिली पायरी नाही.

औषधांनी काय साधते?

साध्या वेदनाशामक गोळ्या पाळीच्या दुखण्यावर चांगल्या चालतात. मात्र त्या महिनोन्‌महिने रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. दुखणे पाळीच्या चक्राबरोबर वाढत असेल तर हार्मोनची औषधे दिली जातात. त्यात गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन यांचा समावेश होतो. त्याने पाळी कमी होते किंवा थांबते. ‘पाळी थांबली तर घाण अंगात साठते’ या समजुतीने अनेक जणी औषध मध्येच सोडतात. औषधाने अस्तर वाढतच नाही, त्यामुळे साठण्यासारखे काही नसते. मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा विशिष्ट प्रकारच्या मायग्रेनचा इतिहास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत. म्हणून मैत्रिणीची गोळी आपण घेऊ नये.

नसांच्या दुखण्यासाठी काही डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखे औषध रात्री कमी मात्रेत देतात. रुग्ण गुगलवर नाव टाकतो, ‘नैराश्याची गोळी’ असे वाचतो आणि आपल्याला वेडे ठरवले असे समजून ती बंद करतो. कमी मात्रेत या औषधाचा उपयोग वेदनेचे संदेश मंदावण्यासाठी होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच हे सांगितले, तर निम्मा गैरसमज टळेल.

प्रत्येक औषध प्रत्येकाला चालते असेही नाही. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध या त्रासातही दिले जात असे. ब्रिटनमध्ये कोणतेही स्पष्ट कारण न सापडलेल्या ३०६ महिलांवर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बनावट गोळीपेक्षा गॅबापेंटिनने वेदना अधिक कमी झाली नाही. उलट गुंगी आणि चक्कर वाढली. एक गोळी देऊन सुटेल असे हे दुखणे नाही, हेच त्यातून दिसते.

फिजिओथेरपीचा इथे काय संबंध?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याला आधार देते. सतत दुखत असेल तर शरीर नकळत ही झोळी आवळून धरते. आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो, मग तो आणखी आवळतो. संबंधाच्या वेळी दुखणे, लघवी अडखळणे, शौचाला जोर लागणे ही याची लक्षणे असू शकतात.

याचे प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट हे स्नायू सैल करायला शिकवतात. त्यात पोटाने श्वास घेणे, मांड्या आणि कंबरेचे ताण, शौचाला बसण्याची पद्धत असते. गरज असेल आणि रुग्णाची संमती असेल तरच आतून तपासणी करून दुखऱ्या जागा सैल केल्या जातात. नको असेल तर नाही म्हणण्याचा अधिकार रुग्णाला असतो. इथे एक सावधगिरी हवी. मोबाइलवर ‘केगल करा’ असे सांगणारे शेकडो रील फिरतात. केगल हा स्नायू आवळण्याचा व्यायाम आहे. ज्यांचे स्नायू सैल पडले आहेत त्यांना तो उपयोगी आहे. ज्यांचे आधीच आवळलेले आहेत त्यांचे दुखणे त्याने वाढू शकते. आपले कोणते, हे तपासणीशिवाय कळत नाही.

मग समुपदेशनाला का पाठवतात?

वर्षानुवर्षे दुखत राहिले, की झोप जाते, चिडचीड वाढते, नवरा-बायकोत अंतर पडते. खराब झोप आणि भीती यांमुळे वेदनेचा सायरन आणखी संवेदनशील होतो. समुपदेशन, वर्तनोपचार, झोपेची शिस्त, झेपेल तितके रोजचे चालणे हे उपाय या चक्रावर काम करतात. म्हणून समुपदेशनाला पाठवणे म्हणजे दुखणे मनाचे ठरवणे नव्हे. मधुमेहात गोळीबरोबर आहार आणि चालणे सांगतात, तसेच हे आहे. लहानपणी किंवा नंतर अत्याचार सोसलेल्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. त्यांच्यासाठी तर बोलता येईल अशी सुरक्षित जागा हा उपचाराचाच भाग ठरतो.

गर्भपिशवी काढली की दुखणे जाते?

काहींचे जाते. ॲडेनोमायोसिस असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव असेल आणि आणखी मूल नको असेल, तर ही शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. पण दुखणे मूत्राशयाचे, आतड्याचे, स्नायूंचे किंवा नसांचे असेल तर पिशवी गेल्यावरही ते तिथेच राहते. एंडोमेट्रिओसिसचे डाग गर्भाशयाबाहेर असतात. पिशवीबरोबर ते आपोआप निघत नाहीत. सोबत अंडाशयेही काढली तर कमी वयात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

या सगळ्याच शस्त्रक्रिया ओटीपोटदुखीसाठी नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव, कॅन्सरची घातलेली भीती अशीही कारणे होती. पण मुळाशी तीच स्थिती होती. फडावर शौचालय नाही, लघवी तासन्‌तास रोखायची, पाणी कमी प्यायचे, डोक्यावर मोळी वाहायची. एक दिवस खाडा झाला की मुकादमाचा दंड. अशा वेळी सहा महिने फिजिओथेरपी आणि फेरतपासणी हा सल्ला त्या महिलेला परवडतच नाही. एकदाच कर्ज काढून ‘कायमचे मिटवणारे’ ऑपरेशन तिला स्वस्त वाटते. नंतर दुखणे राहिलेच, तर कर्जही राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के महिलांनी ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील प्रकारांवरील जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना या सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले. त्यांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील देखरेख समित्यांची तरतूद आहे.

हा त्रास पुरुषांनाही होतो?

होतो, आणि तिथे मौन अधिक गडद असते. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात, ओटीपोटात किंवा लिंगाच्या टोकाशी दुखणे, वीर्यपतनानंतर दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे अशी लक्षणे असतात. त्याला सरसकट ‘प्रोस्टेटचे इन्फेक्शन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात अशा दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांत जंतुसंसर्ग सापडत नाही. लघवीत जंतू नसताना अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स घेऊन फायदा होत नाही. इथेही स्नायूंची फिजिओथेरपी, निवडक औषधे आणि ताणाचे व्यवस्थापन एकत्र करावे लागते. ‘गुप्तरोग’ म्हणून रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर जाहिरात करणाऱ्यांकडे जाण्यापेक्षा मूत्रविकारतज्ज्ञांकडे जाणे केव्हाही चांगले.

तातडीने डॉक्टर कधी गाठावा?

• अचानक तीव्र दुखणे, सोबत उलटी, चक्कर किंवा शुद्ध हरपणे. गरोदर असण्याची शक्यता असेल तर क्षणही दवडू नये.
• थंडी-ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव.
• रजोनिवृत्तीनंतर किंवा संबंधानंतर रक्तस्राव.
• लघवीत किंवा शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणे, पोट फुगत जाणे, हाताला गाठ लागणे.
• जननेंद्रियाभोवती बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे.
• वृषणात अचानक तीव्र दुखणे. यात काही तासांच्या उशिरानेही वृषण गमवावे लागू शकते.

डॉक्टरकडे जाताना काय न्यावे?

दोन महिन्यांची वेदनेची नोंद. मोबाइलमधली साधी नोट पुरेशी आहे. रोज तारीख, दुखण्याला शून्य ते दहा गुण, पाळीचा दिवस, लघवी-शौचाचा त्रास, घेतलेली गोळी आणि त्या दिवशी कोणते काम सुटले, एवढे लिहावे. जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत असावेत. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही लिहून न्यावे; बोलण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे जाते.

कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला तर चार प्रश्न विचारावेत. माझे निदान काय आहे? त्यावर औषधे वापरून पाहिली का? अंडाशये ठेवणार की काढणार? ऑपरेशननंतरही दुखणे राहण्याची शक्यता किती? उत्तरे लिहून घ्यावीत आणि रक्तस्राव वा इतर तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पूर्ण बरे होता येते का?

कारण एकच आणि स्पष्ट असेल तर अनेकदा होता येते. अनेक वर्षे मुरलेल्या दुखण्यात मात्र ध्येय वेगळे ठेवावे लागते. आठवरचे दुखणे तीनवर आले, रात्रीची झोप लागली, कामावरची रजा कमी झाली, तर उपचार लागू पडत आहेत असे समजावे. फरक दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात डॉक्टर बदलत राहिल्यास प्रत्येक वेळी सुरुवात शून्यापासून होते.

रुग्णाच्या धीराइतकीच व्यवस्थेचीही तयारी हवी. या त्रासाचा खरा इतिहास पाच मिनिटांच्या ओपीडीत निघत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. निदान जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकत्र बसले, तरी फाइल घेऊन दारोदार होणारी फिरती कमी होईल. आजच्या व्यवस्थेत पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला विम्यात आणि योजनांत पॅकेज मिळते. सहा आठवड्यांच्या व्यायामाला आणि समुपदेशनाला सहसा मिळत नाही. परवानगीच्या नियमाने एखादे चुकीचे ऑपरेशन अडेल. पण त्या महिलेचे दुखणे त्या दिवशीही तिच्यासोबत घरी जाईल. नियमाबरोबर तिला पर्यायही मिळाला, तरच ती पुन्हा त्याच ऑपरेशनच्या दारात जाणार नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध किंवा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू वा बंद करावा.)